मनातला आकडा

लिलाव हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला आणि पोर्तुगीजांनी तो अरबीतून उचलला. शब्दाबरोबर एक देखावाही आला. यान व्हान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्याच्या आर्चबिशपच्या चाकरीत दाखल झाला आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. १५९६ साली छापून निघालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने गोवा शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाची हकीगत दिली आहे. रविवार व सणवार सोडले तर हा बाजार नित्य भरे. पुकारा करणारे लोक अंगावर साखळ्या आणि दागिने अडकवून गर्दीतून हिंडत. अरबी घोडे, मसाले, सुगंधी डिंक, उंची गालिचे आणि, हेही विसरता कामा नये, जिवंत माणसे गुलाम म्हणून त्याच रस्त्यावर आणि त्याच पुकाऱ्याने विकली जात.

या बाजारात प्रत्येक बोली सर्वांच्या कानांवर पडत असे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपल्याच मुलखातील धान्याच्या आणि कापसाच्या पेठांतून चालणारी हत्त्याची पद्धत होती. उपरण्याखाली किंवा रुमालाखाली अडत्याचा हात धरायचा आणि बोटे दाबून भाव सांगायचा. एका व्यापाऱ्याचा आकडा दुसऱ्याला कळत नसे, आणि ज्याचा माल होता त्या शेतकऱ्याला तर मुळीच कळत नसे. सगळे आकडे एकट्या अडत्याच्या तळहातात गोळा होत. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण आपण अब्रूच्या संदर्भात वापरतो. पण या मुठीतले सव्वा लाख कोणाचे, असे शेतकऱ्याने विचारले असते तर त्याला उत्तर मिळाले नसते. नियंत्रित बाजारांच्या कायद्यांनी पुढे उघड लिलावाचा आग्रह धरला तो याच कारणाने.

मला ज्या प्रकाराचा इतिहास सांगायचा आहे तो या दोहोंच्या मधला आहे. जुनी अवजड यंत्रे, म्हणजे बुलडोझर, क्रेन, ट्रॅक्टर आणि आपल्याकडे ज्याला सर्रास पोकलेन म्हणतात ते खोदकामाचे यंत्र, आज इंटरनेटवरील लिलावांतून जगभर विकली जातात. या लिलावांत बोली करणाऱ्याला एक सोय असते. त्याने आपला शेवटचा आकडा, आपली कमाल बोली, संगणकाला गुपचूप सांगून ठेवायची. पुढे संगणक त्याच्या वतीने बोलत राहतो. मात्र समोरच्याला मागे टाकण्यापुरतेच बोलतो, त्याहून एक पायरीही अधिक नाही. भाव उघड असतो आणि आकडा झाकलेला असतो. ही युक्ती संगणकाच्या युगाची आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती दोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि या सर्व काळात तिच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिलेला आहे: झाकलेला आकडा कोणाच्या हाती द्यायचा?

या इतिहासातले पहिले मोठे नाव कोणा व्यापाऱ्याचे नसून कवीचे आहे. १७९७ च्या जानेवारीत गटे याने आपले ‘हेर्मान आणि डोरोथिआ’ हे काव्य बर्लिनचा प्रकाशक फीवेग याला देऊ केले. मानधनाचा सौदा त्याने मोठ्या विलक्षण रीतीने मांडला. आपली मागणी त्याने एका चिठ्ठीत लिहून, ती मोहोरबंद करून बोटिगर नावाच्या मध्यस्थाकडे ठेवली. फीवेगने आपला देकार सांगायचा. तो चिठ्ठीतल्या आकड्याहून कमी भरला तर चिठ्ठी न उघडता परत जाईल आणि बोलणे मोडेल. जास्त भरला तर गटे चिठ्ठीत लिहिले आहे तेवढेच घेईल, अधिक एक कवडीही मागणार नाही.

कवीला हा हिशेबीपणा कसा सुचला याचे आपल्याला नवल वाटते, परंतु गटे हा वायमारच्या दरबारात मंत्रिपद सांभाळलेला व्यवहारज्ञ मनुष्य होता. त्याची खरी जिज्ञासा वेगळीच होती. पुस्तके किती खपतात आणि आपल्या लेखणीची किंमत बाजारात काय आहे हे प्रकाशकाला ठाऊक असते, लेखकाला नसते. सरळ घासाघीस केली तर प्रकाशक आपला आकडा कमी करूनच सांगणार. पण द्यायची रक्कम चिठ्ठीत आधीच ठरलेली असेल तर देकार कमी सांगण्यात प्रकाशकाचा काहीच लाभ उरत नाही. उलट पुस्तक हातचे जाण्याचा धोका मात्र राहतो. म्हणजे त्याने आपल्या मनातला खरा आकडा सांगावा हेच त्याच्या हिताचे होते. गटेला पैसे हवे होतेच, पण त्याहून अधिक त्याला तो आकडा ऐकायचा होता.

तो त्याला ऐकायला मिळाला नाही. चिठ्ठीत १,००० थालर लिहिलेले होते आणि फीवेगचा देकारही नेमका १,००० थालरांचाच आला! हा योगायोग नव्हता. बोटिगरने फीवेगला पत्र लिहून किती रकमेखाली जाऊ नये हे सुचवून ठेवले होते. कुंपणानेच शेत खाल्ले. गटेला त्याची मागणी पुरेपूर मिळाली, पुस्तकही निघाले. बुडाले ते फक्त ज्ञान. बेनी मोल्दोवानू आणि मानफ्रेड टिट्झल या दोन अभ्यासकांनी १९९८ साली हे प्रकरण अर्थशास्त्राच्या नियतकालिकात सविस्तर मांडले, तेव्हा या शास्त्रातील लोकांना आपला एक पूर्वज कवी होता हे कळले.

यानंतरचा अंक टपाल तिकिटांच्या व्यापारात घडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकिटे जमवण्याचा छंद पसरला आणि त्यांचे लिलाव होऊ लागले. न्यूयॉर्कला १८७० साली असा लिलाव झाला. पण छंदी माणसे गावोगाव विखुरलेली. दोन डॉलरच्या तिकिटासाठी कोण आगगाडीने न्यूयॉर्कला जाणार? ती टपालाने आपला कमाल आकडा कळवू लागली आणि लिलावगृहाचा माणूस त्यांच्या वतीने बोलू लागला. पुढे काही व्यापाऱ्यांना वाटले की सर्वच बोली टपालाने येत असतील तर दिवाणखाना आणि हातोडा यांचे तरी काय काम? मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्दॅम्प्टन गावच्या वेनराइट आणि लुइस या पेढीने १८९३ साली काढलेल्या लिलावात नियम असा होता की माल सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला मिळेल, पण त्याला द्यावी लागेल ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोड्याच सेंटांनी अधिक रक्कम. डेव्हिड लकिंग-रायली यांनी २००० साली ही जुनी सूचिपत्रे धुंडाळून हा सारा वृत्तान्त उजेडात आणला.

येथे प्रश्न पुन्हा तोच. मी पाच डॉलर लिहून पाठवले. मला तिकीट पाच डॉलरांनाच पडले. दुसरी बोली खरोखरच तेवढी होती, की पेढीवाल्याने माझे पाकीट फोडल्यावर ती जन्माला घातली? पेढीवाल्याची दलाली किमतीवर अवलंबून असते, आणि पाकिटे फोडताना दुसरे कोणी हजर नसते. पेढीची अब्रू हाच एक पुरावा.

विल्यम विक्री या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापकाने १९६१ साली लिहिलेल्या निबंधात याच नियमाला शास्त्राची बैठक दिली. बराच काळ अर्थशास्त्रज्ञ हा प्रकार विक्रीनेच शोधून काढला असे समजत होते. तिकिटांच्या पेढ्या त्यांच्या नजरेबाहेर राहिल्या होत्या. विक्रीचा सिद्धान्त मात्र त्या पेढ्यांना सांगता आला नसता इतका स्वच्छ आहे. एक उदाहरण घेऊ. एखादे यंत्र मला ५२,००० डॉलरपर्यंत परवडते, आणि भावाची पायरी ५०० डॉलरांची आहे. मी लबाडी करून ४८,००० च सांगितले आणि दुसऱ्याने ५०,००० सांगितले, तर जे यंत्र मला ५०,५०० ला मिळाले असते ते मी घालवले. उलट जिंकायच्या ईर्ष्येने ५६,००० सांगितले आणि दुसरा ५४,००० वर थांबला, तर मला ५४,५०० मोजावे लागतील. म्हणजे अडीच हजारांचा खड्डा. खोटे सांगून फायदा कोणत्याच बाजूने नाही, कारण माझा आकडा मी जिंकतो की नाही एवढेच ठरवतो. मी किती द्यायचे हे दुसऱ्याचा आकडा ठरवतो. विक्रीला या कामाबद्दल १९९६ च्या ऑक्टोबरात जेम्स मिरलीज यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि अवघ्या तीन दिवसांनी तो वारला.

विक्रीचा जन्म कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला. त्याच प्रांतात केलोना येथे रिची नावाच्या बंधूंचे फर्निचरचे दुकान होते. १९५८ साली बँकेचे देणे भागवण्यासाठी त्यांनी दुकानातला माल लिलावात काढला, आणि त्यातून पुढे जुन्या यंत्रसामग्रीचे लिलाव करणारी जगातील एक सर्वांत मोठी पेढी उभी राहिली. त्यांच्या लिलावाचा थाट पाहण्यासारखा असे. उतरंडीवरून एकेक यंत्र चालवत आणायचे, समोर मांडवात ठेकेदार आणि शेतकरी बसलेले, आणि पुकारणाऱ्याच्या तोंडाची तर भातलाह्या फुटाव्या तशी आकड्यांची फोडणी चाललेली. त्यांनी दोन नियम पाळले: किमान किंमत ठेवायची नाही, आणि मालाच्या मालकाने स्वतःच्या मालावर बोली करायची नाही. हे नियम पुढे फार महत्त्वाचे ठरले.

१९९५ च्या सप्टेंबरात पिएर ओमिद्यार याने कॅलिफोर्नियात जे संकेतस्थळ सुरू केले आणि जे पुढे ईबे या नावाने प्रसिद्धीस आले, त्याने कमाल बोलीची सोय घरोघर नेली. १९९९ साली आयर्नप्लॅनेट ही कंपनी निव्वळ यंत्रसामग्रीचे ऑनलाइन लिलाव करण्यासाठी निघाली. रिची बंधूंच्या पेढीने २००२ पासून मांडवातल्या लिलावात इंटरनेटवरूनही बोली घ्यायला आरंभ केला, २०१७ साली आयर्नप्लॅनेट सुमारे ७५ कोटी डॉलरांना विकत घेतली, आणि २०२० च्या साथीत माणसे जमवणे अशक्य झाले तेव्हा आपले लिलाव ऑनलाइन चालवले.

आता या संगणकी मुनिमाचे काम जरा जवळून पाहू. समजा पोकलेनचा चालू भाव ४०,००० डॉलर आहे. मी ५२,००० ही कमाल बोली नोंदवली. संगणकाने भाव ४०,५०० वर नेला आणि मला आघाडीवर ठेवले. दुसऱ्या कोणी ४७,००० नोंदवले. भाव तत्काळ ४७,५०० झाला आणि आघाडी माझीच. तिसऱ्याने ५१,८०० नोंदवले. आता पूर्ण पायरी चढली तर ५२,३०० होतील; पण तेवढी माझी तयारी नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी भाव ५२,००० वर थांबतो आणि आघाडी माझीच राहते. चौथ्याने बरोबर ५२,००० लिहिले तर? ज्याने आधी लिहिले त्याचा मान. मी स्वतः मध्येच आकडा ५५,००० केला तर भाव हलत नाही; फक्त झाकलेली मूठ मोठी होते.

नवख्या माणसाचा संताप येथेच होतो. तो ४८,००० लिहितो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पडदा सांगतो की तुमच्या पुढे कोणीतरी गेले. तो ४९,००० लिहितो, पुन्हा तेच. त्याला वाटते, पलीकडे लिलाववाल्याचाच माणूस बसला आहे. पलीकडे कोणीही नसते. मी काल रात्री लिहून ठेवलेला आकडा असतो आणि मी त्या वेळी झोपलेला असतो. या बिचाऱ्याला आपण माणसाशी झुंजतो आहोत असे वाटते आणि तो चिठ्ठीशी झुंजत असतो.

मात्र त्याची शंका अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. २००० सालच्या मे महिन्यात ईबेवर एक चित्र लागले. ते रिचर्ड डिबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचे असावे असा भास निर्माण करण्यात आला होता, आणि बोली १,३५,८०५ डॉलरांवर गेली. चौकशीत निघाले की विकणाऱ्याने व त्याच्या साथीदारांनी निरनिराळ्या नावांनी स्वतःच्याच मालावर बोली लावण्याचा धंदा मांडला होता. प्रकरण न्यायालयात जाऊन शिक्षा झाल्या. कमाल बोली लिहून ठेवणाऱ्यावर या चोरीचा विशेष डोळा असतो. चोर एकेक पायरी चढतो आणि दर पायरीला माझा मुनीम इमानाने उत्तर देतो. शेवटी चोर माझ्या पुढे गेला की त्याला माझ्या मुठीत किती होते ते समजते. मग ‘चूक झाली’ म्हणून तो आपली बोली मागे घेतो आणि माझ्या कमाल आकड्याच्या जवळपास दुसऱ्या नावाने थांबतो. बोटिगरला निदान पत्र लिहावे लागले होते. म्हणूनच नोंदवलेली बोली मागे घेता येऊ नये आणि मालकाला बोलीचा अधिकार असू नये हे नियम मला शोभेचे वाटत नाहीत. संगणकाला लोभ नाही हे खरे, पण संगणक ज्याच्या मालकीचा आहे त्याला दलाली हवी असते. माझा आकडा यंत्राला कळला पण पेढीतल्या माणसाला कळला नाही, एवढी खात्री तिच्या वहीखात्यावर बाहेरच्या कोणाची तरी नजर असल्याशिवाय पटत नाही. मायकेल रॉथकॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ‘विक्रीचा प्रकार इतका दुर्मीळ का’ असा प्रश्न विचारून जी कारणे दिली, त्यांत लबाडीचे भय हे प्रमुख होते.

आणखी एक व्याधी या लिलावांना जडली, तिचे मूळ पाहण्यासाठी लंडनला जावे लागते. सतराव्या शतकात तेथे मेणबत्तीचे लिलाव होत. इंचभर मेणबत्ती पेटवायची आणि ती विझताना ज्याची बोली शेवटची असेल त्याला माल द्यायचा. आरमाराच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युएल पेपिस याने ३ सप्टेंबर १६६२ च्या दैनंदिनीत अशा एका लिलावाची नोंद केली आहे. विकायला होती जुनी जहाजे, म्हणजे त्या काळची जुनी यंत्रसामग्रीच. एक गृहस्थ दरखेपेस नेमका शेवटी बोलून माल उचलताना पाहून पेपिसने त्याला कारण विचारले. तो म्हणाला, ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली वळतो, तो पाहून मी बोलतो.

ईबेवरचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपत असे, म्हणजे मेणबत्तीच. लोक कमाल बोली अगोदर लिहिण्याऐवजी अखेरच्या काही सेकंदांत झडप घालू लागले, आणि ती झडप घालून देणाऱ्या आज्ञावल्याही विकल्या जाऊ लागल्या. विक्रीच्या सिद्धान्ताप्रमाणे याची गरज नाही. पण समोरचा माणूस आपला खरा आकडा लिहीत नसेल, तुमची बोली पाहून चवताळून पायऱ्या चढणारा असेल, तर त्याला उत्तर देण्यास वेळच न देणे हे शहाणपण ठरते. अल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ईबेची तुलना अ‍ॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांशी केली. अ‍ॅमेझॉनचा नियम असा होता की अखेरच्या दहा मिनिटांत बोली आली तर लिलाव लांबतो. तेथे झडपा फारच थोड्या आढळल्या. यंत्रांच्या लिलावांत अखेरच्या मिनिटांत आलेली बोली वेळ वाढवते, असा नियम आता बऱ्याच ठिकाणी असतो. धूर खाली वळला की मेणबत्तीला नवे मेण मिळते.

एवढ्याने मामला पुरा होत नाही, कारण सिद्धान्तात एक गृहीत लपलेले आहे: माझा आकडा मला पक्का ठाऊक आहे. टपाल तिकिटाच्या छंदाला ते लागू पडेल. पण आठशे मैलांवर उभे असलेले, नऊ हजार तास चाललेले पोकलेन मला ५२,००० ला परवडते हे मी कशावरून ठरवले? त्याच्या पट्ट्यांची आणि रोलरांची झीज किती, पंप कसा आहे, तासांचा मीटर मध्ये कधी बदलला होता काय, या गोष्टींचे मोल सर्व ग्राहकांना सारखेच आहे. फक्त प्रत्येकाचा अंदाज निराळा. अशा वेळी जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो तो. मेक्सिकोच्या आखातातील तेलाच्या पट्ट्यांसाठी बोली करणाऱ्या कंपन्यांविषयी तीन अमेरिकन इंजिनिअरांनी १९७१ साली हेच दाखवून दिले, आणि ‘विजेत्याचा शाप’ ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. दुसरे अनुभवी ठेकेदार ४५,००० वर मुकाट थांबले तर त्यांच्या थांबण्यात बातमी असते. आकडा लिहून झोपी गेलेल्याला ती बातमी मिळत नाही. म्हणून माझे मत असे आहे की कमाल बोलीची खरी कसोटी संगणकात नसून तपासनिसाच्या अहवालात आहे. आयर्नप्लॅनेटने यंत्र तपासून अहवाल द्यायचा आणि त्याची हमी घ्यायची ही प्रथा पाडली, तिचे मोल मी बोली चढवणाऱ्या यंत्रणेपेक्षा अधिक मानतो.

आणि आकडा ठरवतानाही उलटीकडून चालावे लागते. यंत्र माझ्या कामाच्या जागी येऊन उभे राहिल्यावर त्याची किंमत मला समजा ६०,००० डॉलर. त्यातून वाहतूक वजा, कर वजा, पेढीचे ग्राहकाकडून घ्यायचे शुल्क वजा, पहिल्या महिन्यातल्या दुरुस्तीचे पैसे वजा. उरले ते ५२,०००. पुष्कळ लोक ६०,००० लिहितात आणि लिलाव जिंकल्यावर वजाबाकी करायला बसतात.